आधी शब्दकोश, मग वाद

आपल्याकडे ख्रिश्चन म्हणजे ख्रिश्चन. नाताळ, केक, वांद्र्याची जत्रा, संपलं. फार तर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन प्रकार असतात, एवढं शाळेच्या इतिहासात वाचलेलं आणि परीक्षा झाल्यावर विसरलेलं. पण अमेरिकेत येऊन पडलात आणि तेसुद्धा युटामध्ये, की कळतं, मामला बराच गुंतागुंतीचा आहे. इथे "तो ख्रिश्चन आहे का?" या साध्या प्रश्नावरून दोन सज्जन माणसं आयुष्यभर असहमत राहू शकतात. आणि तरी रोज एकत्र जेवू शकतात. आजचं पोस्ट त्या जेवणाबद्दल.

आमचं ऑफिस लीहाय नावाच्या गावात आहे. सॉल्ट लेक सिटीपासून दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. आयटी कंपन्यांची इतकी गर्दी झालीय की या पट्ट्याला 'सिलिकॉन स्लोप्स' म्हणतात. गावाचं नाव मात्र मॉर्मन ग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं! माझ्या क्युबिकलच्या डावीकडे बसतो तो टेक्ससचा, पिढीजात सदर्न बाप्टिस्ट. उजवीकडचा इथलाच, मॉर्मन. त्याचे खापरपणजोबा बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर चालत आलेले. दोघांची खरी नावं इथे लिहिणं बरं नाही. आपण आपल्या पद्धतीनं एकाला टेक्ससकर म्हणू आणि दुसऱ्याला युटाकर. :)

आता थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाप्टिस्ट परंपरा सुरू झाली १६०९ च्या सुमारास, अ‍ॅमस्टरडॅममध्ये परागंदा होऊन राहिलेल्या इंग्रजांच्या एका छोट्या गटात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊन काय उपयोग? ज्याला कळतं, ज्याचा स्वतःचा विश्वास आहे, त्यानंच तो घ्यावा. शास्त्र म्हणाल तर फक्त बायबल. आणि तारण म्हणाल तर ते देवाच्या कृपेनं, आपल्या कर्तबगारीनं नाही.

मॉर्मन त्यामानानं नवे. जोसेफ स्मिथनं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'बुक ऑफ मॉर्मन' छापून आलं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगावर जमाव चालून गेला आणि त्यात तो मारला गेला. मग ब्रिगम यंगच्या मागून हे लोक १८४७ मध्ये या खोऱ्यात पोचले. त्यांच्या मते येशूनं स्थापलेलं मूळ चर्च मधल्या काळात लोपलं होतं आणि स्मिथच्या हातून ते पुन्हा उभं राहिलं. 'मॉर्मन' हा शब्दही आता त्यांना फारसा नको असतो. २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, रसेल नेल्सन यांनी, चर्चचं पूर्ण नाव वापरा असा आग्रह धरला. पूर्ण नाव 'येशू ख्रिस्ताचं अखेरच्या दिवसांतील संतांचं चर्च'. युटाकर म्हणतो, "मॉर्मन चालेल, पण नावात ख्रिस्त आहे हे लक्षात ठेव."

आणि तिथेच ठिणगी पडते. बाप्टिस्टाच्या दृष्टीनं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. मॉर्मनांच्या दृष्टीनं हे तिघे वेगवेगळे, उद्देशानं एक, आणि पित्याला तर हाडामांसाचं शरीर आहे. बायबलखेरीज आणखी तीन ग्रंथ त्यांना पवित्र. त्यामुळे एकाचा बाप्तिस्मा दुसऱ्याकडे चालत नाही. गंमत म्हणजे दोघंही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत आणि दोघंही माणसाला पाण्यात पूर्ण बुडवूनच काढतात. इंटरफेस सेम, इम्प्लिमेंटेशन वेगळं!

जुनी कटुताही भरपूर. जून १९९८ मध्ये सदर्न बाप्टिस्टांनी आपलं वार्षिक अधिवेशन थेट सॉल्ट लेक सिटीत भरवलं. त्यांचे स्वयंसेवक दारोदार फिरून मॉर्मनांना ख्रिस्ताबद्दल सांगत होते. ज्या समाजाची पोरं जगभर लोकांची दारं ठोठावतात, त्यांचीच दारं वाजायला लागली. युटाकर तेव्हा शाळेत होता. त्याच्या आईनं त्या लोकांना आत बोलावून थंड पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि जाताना त्यांच्या हातात स्वतःचं पुस्तक ठेवलं. पुढे २०११ मध्ये मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असताना डॅलसच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चच्या पास्टरनं मॉर्मन धर्माला जाहीरपणे 'कल्ट' म्हटलं. हा शब्द इथे शिवीसारखा लागतो.

तर अशी ही दोन माणसं, आणि मध्ये मी. मला दोघांपैकी कुणाच्याच स्वर्गात आरक्षण नाही, त्यामुळे माझ्यासमोर दोघंही मोकळेपणानं बोलतात.

त्यांच्यात एक रिवाज आहे. कुठल्याही मुद्द्यावर वाद घालायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. समोरचा "हो, अगदी असंच" म्हणाला तरच पुढे जायचं. नाही म्हणाला तर परत. याचं कारण शब्द. 'कृपा', 'तारण', 'देवपुत्र', 'स्वर्ग' हे सगळे शब्द दोघांकडे आहेत, पण अर्थ वेगळे. आपल्याकडे दोन टीम्स एकाच नावाचं व्हेरिएबल वेगवेगळ्या अर्थानं वापरतात आणि मग इंटिग्रेशनच्या दिवशी बोंबाबोंब होते ना, तसंच. युटाकर म्हणाला होता, "तुमच्याकडे एकदा विश्वास ठेवला की झालं, मग कसंही वागा." टेक्ससकरानं थांबवलं. "नाही. खरा विश्वास असेल तर वागणं बदलतंच. न बदलणारा विश्वास मुळात विश्वासच नव्हता." युटाकरानं ते परत म्हणून दाखवलं. मग टेक्ससकराची पाळी. "तुम्ही तर पुण्य जमवून स्वर्ग विकत घेता." "नाही. ख्रिस्ताशिवाय कुणीच तरत नाही. पण त्यानं घालून दिलेले संस्कार आणि करार आम्हाला पाळायचे असतात." ही दोन वाक्यं जागेवर यायला दोन लंच ब्रेक गेले!

हे ऐकताना मला विल्यम केरी आठवला. १७९३ मध्ये बंगालमध्ये आलेला इंग्रज बाप्टिस्ट मिशनरी. त्यानं पंडित वैजनाथांच्या मदतीनं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये काढला, तोही कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात बसून. टेक्ससकराला केरी माहीत होता, पण मराठी कोश माहीत नव्हता. तो खूश झाला. मी म्हटलं, "हेतू धर्मप्रसाराचा होता, त्याबद्दल आमच्याकडे वेगवेगळी मतं आहेत. पण बोलायच्या आधी त्यानं समोरच्याचे शब्द गोळा केले, हे मान्य." युटाकर पटकन म्हणाला, "मग आपणही तेच करतोय की."

अर्थात रोज काही इतकं जड बोलणं नसतं. बरंचसं खाण्यापिण्याचंच असतं. मॉर्मन दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा घेत नाहीत. १८३३ पासूनचा नियम. गरम असो वा बर्फ घातलेला, चहा म्हणजे चहा. टेक्ससकराचा जीव तिकडच्या गोड थंड चहात अडकलेला, माझा आल्याच्या चहात. युटाकर मात्र आमच्यासमोर कोकचा बादलीएवढा ग्लास घेऊन बसतो. कॅफीनवर बंदी नाही, असा खुलासा त्यांच्या चर्चनं २०१२ मध्येच केलाय म्हणे!

महिन्याच्या एका रविवारी, बहुधा पहिल्या, युटाकराच्या घरी दोन वेळचं जेवण नसतं. वाचलेले पैसे गरजूंसाठी चर्चकडे जातात. शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा वेगळा. त्याच्या वस्तीतला बिशप कुणी पूर्णवेळ धर्मगुरू नाही, दाताचा डॉक्टर आहे. दिवसा दात काढतो, संध्याकाळी लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, आणि त्याचा पगार शून्य. टेक्ससकराला याचं फार कौतुक. उलट युटाकराला हेवा वाटतो तो बाप्टिस्टांच्या स्वातंत्र्याचा. तिथे प्रत्येक चर्च स्वतःचा कारभार स्वतः बघतं, पास्टर कोण हे सभासद ठरवतात, वरून हुकूम येत नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे कुणीतरी बोलावून सांगतं, उद्यापासून तू छोट्या मुलांना शिकव. तुम्ही निदान मत तरी देता."

आणखी एक अलिखित नियम माझ्या लक्षात आला. आपल्या घरातली घाण आपणच दाखवायची. गुलामगिरीच्या प्रश्नावर उत्तरेकडच्यांशी फारकत घेऊन १८४५ मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आलं आणि त्याबद्दल माफी मागायला १९९५ उजाडलं, हे मला टेक्ससकरानंच सांगितलं. कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत मॉर्मन चर्चमध्ये याजकपद मिळत नव्हतं, हे युटाकरानं. दोघांनीही दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवलं नाही.

पण खरी कसोटी लागली ती गेल्या हिवाळ्यात. टेक्ससकराचे वडील गेले. तो आठवडाभर गावी होता. त्या आठवड्याची त्याची सगळी ऑन-कॉल ड्यूटी युटाकरानं घेतली, रात्री तीनला उठून सर्व्हर सांभाळले, कुणाला सांगितलंसुद्धा नाही. टेक्ससकर परत आला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "एक विचारायचं होतं. तुमच्या टेंपलमध्ये माझ्या वडिलांच्या नावानं कुणी बाप्तिस्मा घेणार नाही ना?"

मॉर्मन लोक मृतांसाठी बाप्तिस्मा घेतात. जिवंत माणूस मृताच्या वतीनं पाण्यात उतरतो. वंशावळी शोधण्याचं त्यांचं प्रचंड काम यासाठीच चालतं. युटाकरानं शांतपणे नियम सांगितला. नावं स्वतःच्या पूर्वजांचीच द्यायची, आणि माणूस गेल्या ११० वर्षांत जन्मलेला असेल तर जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागते. मग म्हणाला, "आमच्या दृष्टीनं ते फक्त निमंत्रण असतं. घ्यायचं की नाही, हे तो आत्मा ठरवतो."

टेक्ससकर म्हणाला, "माहितेय मला. तरीही नको. बाबांनी सोळाव्या वर्षी नदीत बाप्तिस्मा घेतला. तो पुरेसा आहे, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते. तो पुरेसा नव्हता असं कुणी त्यांच्या माघारी म्हणू नये."

"नाही म्हणणार. माझ्याकडून शब्द." थोडं थांबून युटाकर म्हणाला, "पण तू मला ख्रिश्चन मानत नाहीस ना, तेव्हा मलाही हेच वाटतं. माझं पुरेसं नाही असं."

मला वाटलं, आता टेक्ससकर गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. त्यानं तसं केलं नाही. म्हणाला, "तो शब्द मी तुझ्यासाठी वापरू शकत नाही. वापरला तर मी माझ्याशीच खोटं बोलेन. पण तुझं ख्रिस्तावर प्रेम नाही, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं तर मी त्याला गप्प करीन." युटाकरानं मान डोलावली. पुढची पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग स्टँडअपची वेळ झाली.

अशी संभाषणं जाहीरपणेही झालीत. १९९७ मध्ये ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीचे स्टीफन रॉबिन्सन आणि डेन्व्हर सेमिनरीचे क्रेग ब्लॉमबर्ग या दोघा प्राध्यापकांनी मिळून एक पुस्तक लिहिलं. एक मॉर्मन, दुसरा इव्हँजेलिकल. कुठे जमतं आणि कुठे अजिबात जमत नाही, दोन्हीची प्रामाणिक मांडणी. २००४ मध्ये रिचर्ड माऊ या इव्हँजेलिकल धर्मशास्त्रज्ञानं सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकलमध्ये उभं राहून, आम्ही तुमच्या श्रद्धेचं विकृत चित्र रंगवलं, अशी कबुली दिली. त्यावरून त्यांच्याच लोकांनी त्यांना बरंच सुनावलं. आणि २०१३ मध्ये सदर्न बाप्टिस्ट सेमिनरीचे अध्यक्ष अल्बर्ट मोहलर खुद्द मॉर्मनांच्या युनिव्हर्सिटीत भाषणाला गेले. आपण एकत्र स्वर्गात जाऊ असं मला वाटत नाही, पण एकत्र तुरुंगात मात्र जाऊ शकतो, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. लोक हसले म्हणतात. धार्मिक स्वातंत्र्याबद्दल चाललं होतं ते.

आपल्याकडे 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' म्हणायची एक सवय आहे. ऐकायला छान वाटतं, भांडणही टळतं. पण या दोघांना ते वाक्य ऐकवलं तर दोघांनाही अपमान वाटेल. कारण ज्या गोष्टीसाठी एकाचे पूर्वज हजार मैल चालले आणि दुसऱ्याचे वडील मरेपर्यंत ठाम राहिले, ती गोष्ट फारशी महत्त्वाची नाही, असंच त्या वाक्याचा अर्थ होतो. आदर म्हणजे मतभेद पुसणं नव्हे. समोरचा नक्की काय मानतो हे त्याच्याच शब्दात सांगता येणं, आणि ते पटलं नाही तरी त्याच्या रात्रपाळीला उभं राहणं, हा मला दिसलेला आदर.

असो. पोस्ट नेहमीपेक्षा लांबलं. शनिवार आहे, वेळ आहे, वाचाल. तुमच्या ऑफिसातही कुणीतरी असेलच, ज्याची श्रद्धा तुम्हाला कळत नाही, किंवा कळते पण पटत नाही. सोमवारी त्याला विचारा, "तुमच्यात या शब्दाचा अर्थ काय?" आणि उत्तर आलं की लगेच आपलं म्हणणं सुरू करू नका. आधी त्याचं त्याला परत म्हणून दाखवा.