चवदार तळे ते पोलादपूर

पन्नाशीला टेकलेल्या बाईने एकटीने प्रवासाला निघायचे म्हटले की घरात आधी चौकशी-समिती बसते. "कोणाबरोबर?" "उतरणार कुठे?" आणि शेवटी खरा प्रश्न, "आमच्या जेवणाचे काय?" मी तिन्हींना मिळून एकच उत्तर दिले, "महाडला जाते," आणि पहाटेची एस. टी. गाठली.

महाडात पाऊल टाकले की ते चवदार तळ्याकडेच वळते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह येथले पाणी ओंजळीत घेतले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच वर्षी डिसेंबरात येथे पुन्हा परिषद भरली, तेव्हाची एक हकीकत फारशी कोणी सांगत नाही. त्या वेळी बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले. मुलींना शिकवा, अस्पृश्यतेची खूण पटविणारे नेसण आणि दागिने टाका, असा त्यांचा आग्रह होता. मग लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्या बायांना पायघोळ लुगडे नेसावयाची रीत दाखविली. तळ्याच्या पायरीवर बसून मी विचार करीत होते, त्यांत माझ्या वयाच्या किती असतील? निम्मी हयात ज्या रीतीने लुगडे नेसले, ती एका दिवसात सोडायची, आणि तसेच गावात परत जायचे! छाती काय लहान लागली असेल?

दुपारी पाचाड गाठले. लोक येथून घाईघाईने रायगडाकडे जातात. मी खालीच रेंगाळले. जिजाऊंच्या वाड्याचे आता जोते आणि तटच उरले आहेत. आत तक्क्याची विहीर आहे. दगडी तक्क्याला टेकून आईसाहेब गाऱ्हाणी ऐकत, असे सांगतात. जन्म १५९८ चा. बाळ शिवबाला घेऊन उजाड पुण्यात आल्या, तेव्हा चाळिशी उंबरठ्यावर होती. आपण ज्या वयाला 'आता काय राहिले?' म्हणतो, त्या वयात त्यांचे खरे काम सुरू झाले. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक पाहिला आणि १७ जूनला येथेच डोळे मिटले. समाधीपाशी मी मुकाट्याने हात जोडले.

मुक्कामाला पोलादपूर. उतारावर भात आणि नाचणी, खाली सावित्री, आणि घरटी एक माणूस मुंबईला. स्टँडाबाहेर नाचणीचे पापड विकणाऱ्या एका बाईंशी गप्पा जमल्या. वय माझ्याएवढेच. बचत गटाचे पासबुक त्यांनी पदराखालून काढून दाखविले. "पंचेचाळिसाव्या वर्षी सही शिकले, ताई. नातवाच्या पाटीवर. पूर्वी मुंबईच्या पैशाची वाट बघायची मी. आता मालकच फोन करून विचारतात, यंदा बियाणं कुठलं घेतलंस?" एवढे बोलून त्या मनापासून हसल्या. पापडांचे दोन पुडे मी घेतले; घासाघीस केली नाही.

रात्री घरून फोन आला. "कुकरच्या शिट्या किती?"

"तीन," मी म्हटले. "आणि उद्या यायची नाही. आंबेनळी घाट चढून प्रतापगड बघून येते."