पिंपळीच्या वाटेवर उभे असताना

बारामती सोडून इंदापूरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात पिंपळी लागते. नीरा डाव्या कालव्याने हिरवा केलेला हा उसाचा प्रदेश. एरवी वाहनातून जाणारा येथे सहसा थांबत नाही. परंतु आषाढी वारीत बारामतीचा मुक्काम आटोपून संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने काटेवाडीस जाते, जेथे पुढे धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण होते. त्या सकाळी पिंपळीच्या कडेकडेने दर्शनासाठी वृद्ध मंडळी ताटकळत उभी असतात.

चालणारा वारकरी आणि उभा असलेला दर्शनार्थी, यांत अधिक थकतो कोण? चालणारा, असेच आपण म्हणू. शरीराचा हिशेब मात्र निराळा आहे. पाऊल उचलणारे स्नायू ऐच्छिक, म्हणजे आपल्या आज्ञेतले. हृदय अनैच्छिक, दिवसाकाठी सुमारे 1 लाख ठोके ते कोणालाही न विचारता देते. पण पायांत उतरलेले रक्त वर चढवताना त्याला मदतनीस लागतो, आणि तो म्हणजे पोटरी. प्रत्येक पावलागणिक ती आवळते, नीला दाबल्या जातात, रक्त वर सरकते. नीलांतील झडपा ते मागे फिरू देत नाहीत. निश्चल उभे राहिले की हा पंप थांबतो. त्यातच ऊन, उपवास किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील, तर मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडून भोवळ येते.

म्हणून रांगेतल्या आजी-आजोबांनी आधार धरून टाचा उचलाव्यात, टेकवाव्यात. जागच्या जागी पावले टाकावीत. डोळ्यांपुढे अंधारी येताच संकोच न करता खाली बसावे. भक्तीला त्याने उणेपणा येत नाही!

कोणी कोसळलेच तर गर्दीतला पहिला हात तांब्याकडे जातो. येथेच सांभाळणाऱ्याने ठाम व्हावे. गिळण्याची सुरुवात आपल्या इच्छेने होते. घोट घशात गेल्यावरच पुढचे काम अन्ननलिकेचे अनैच्छिक स्नायू हाती घेतात. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास नीट चालू असेल तर त्याला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत. पूर्ण भान येऊन नीट बसता आल्यावरच घोटघोट पाणी द्यावे. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखू लागले, बोलणे अडखळले किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वासच थांबला असेल तर छाती दाबण्यास विलंब लावू नये.

पालखी काटेवाडीकडे गेल्यावरही घरी पहाटेची उठाठेव उरतेच. झोपेतून एकदम उभे न राहता काठावर बसून, पाय खाली सोडून, पंजे दहा-बारा वेळा वरखाली करावेत, मग उठावे. एकाच पोटरीला सूज व वेदना असेल तर मात्र ती चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.