ढाबळीची वाट

शिवाजी पेठेत आकाश बघायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर गच्चीवर जावं. एकीकडे अंबाबाईच्या देवळाची शिखरं, दुसरीकडे रंकाळा, आणि मध्ये कौलं, पत्रे, पाण्याच्या टाक्या, तालमींचे झेंडे. हवा निवळ असली की पन्हाळ्याची कडाही दिसते. या सगळ्यावर कबुतरांचा एखादा थवा घिरट्या घालत असतो. पेठेत कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला फुटबॉलचा, तसा काही घरांना कबुतरांचा. फळ्या आणि जाळी ठोकून गच्चीच्या कोपऱ्यात केलेली ढाबळ ही त्या घरात देवघराइतकी जपली जाते.

मुरलेली कबुतरं कितीही उंच गेली तरी मालक निश्चिंत असतो. गिरेबाज जातीची कबुतरं तासन् तास वर राहतील, ठिपक्याएवढी होतील आणि उतरतील ती आपल्याच पत्र्यावर. जीव टांगणीला लागतो तो पिलांच्या वेळी. जन्मात कधी न उडालेलं पिलू मोकळ्या आभाळात सोडायचं आणि त्यानं आपल्या मर्जीनं परत ढाबळीत यायचं, हे मला या नादातलं सगळ्यांत सुंदर वाटतं. त्याला डांबून परत आणता येत नाही. बोलावून आणायचं तर बोलावणं आधी त्याच्या अंगवळणी पडायला हवं.

कबुतराची मादी बहुधा दोन अंडी घालते. 17-18 दिवसांनी पिलं बाहेर येतात, उघडी, आंधळी, चोचीला जड. पहिले काही दिवस नर आणि मादी दोघंही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं घट्ट, पिवळसर दूध त्यांना भरवतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पंख भरतात, पण डोक्यावर पिवळी लव अजून शिल्लक असते आणि घुमण्याऐवजी चिरका आवाज निघतो. हीच खरी वेळ. याच्या आत पिलाला उडता येत नाही, आणि फार उशीर झाला तर पंखात बळ येतं पण घर माहीत नसतं. असं पिलू एका भरारीत दोन पेठा ओलांडतं आणि मग कुठल्या तरी परक्या कठड्यावर बसून राहतं.

आमच्या गल्लीतले आबा पिलांना आधी नुसतं बसवतात. जाळीची एक चौकोनी पेटी ढाबळीच्या दाराला लावायची, पिलं तिच्यात सोडायची आणि आपण बाजूला व्हायचं. पिलू आधी कोपऱ्यात दबून बसतं. मग मान वाकडी करून एका डोळ्यानं वर बघतं. घार आली की अंग चोरतं, गेली की पुन्हा मान वर. शेजारच्या टाकीचा काळा रंग, समोरच्या घराचा लाल पत्रा, देवळाचा घंटानाद, खालच्या भजीच्या गाडीचा वास, सगळं ते घेत असतं. पोरं विचारतात, “आबा, सोडा की आता, किती दिस बसवायचं?” आबा म्हणतात, “आधी गल्ली वळखू दे रं. घर डोळ्यात बसल्याबिगर पंख उघडून काय उपेग?”

आबांचं हे म्हणणं शास्त्रज्ञांनी फार कष्टानं तपासलेलं आहे. जर्मनीत हान्स वालराफ यांनी 1960च्या दशकात काही कबुतरं अशा जागी वाढवली की भोवतीच्या भिंतींनी वारा अडावा. वरचं आकाश आणि सूर्य त्यांना दिसत होता. तरी दूर नेऊन सोडल्यावर त्यांना घराची दिशा सापडेना. पुढे इटलीत पीसा इथल्या फ्लोरियानो पापी यांनी वाऱ्यावर येणाऱ्या वासांचा यात मोठा वाटा असल्याचं मांडलं. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, ओळखीच्या खुणा यांचाही उपयोग कबूतर करतं. रोमच्या आसपास कबुतरांच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बांधून केलेला अभ्यास 2004मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात कबुतरं ओळखीच्या मुलखात महामार्ग धरून उडताना आणि फाट्यावर वळताना दिसली. आपल्याकडं होमर जातीच्या कबुतरांना फुलेवाडी, मग बालिंगा, मग कळे असं टप्प्याटप्प्यानं लांब नेऊन सोडलं, तर तीही गगनबावड्याचा रस्ता धरून येत असतील, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा सोडायचं ते संध्याकाळी, दाण्याच्या वेळेआधी. अंधाराची चाहूल असली की पिलू लांब जायला बघत नाही. वारा असेल, पावसाळी हवा असेल तर दार उघडायचंच नाही. कोल्हापुरात जूननंतर हा मुहूर्त मिळणं अवघडच. “उपाशी ठेवायचं न्हाई, पण पोट भरलेलं बी सोडायचं न्हाई,” हा आबांचा नेम. आधी एक शांत, जुनी जोडी बाहेर काढतात. पिलं तिच्या मागं पत्र्यावर येतात, पंख फडफडवतात, घसरतात. एखादं धीट निघालं तर गल्लीवरून वेडावाकडा फेरा मारून धपकन उतरतं. मग पत्र्याच्या डब्यात बाजरी-ज्वारी खळखळते आणि आबांची लांब “आऽऽ आऽऽ” सुरू होते. दाणा बाहेर कधीच टाकायचा नाही, आतच. जुनी जोडी चालत आत शिरते, पिलं दारात घुटमळतात. दाराला लोंबत्या तारा असतात, आत ढकलल्या जातात, बाहेर उघडत नाहीत. मान घातली की अंग आपोआप आत.

या क्षणी नवशिक्या पोराचा हात सुटतो. दारातलं पिलू झटकन पकडून आत टाकावंसं वाटतं. आबा तिथं जरबेनं बोलतात: “हात घालू नगंस. हाताला भ्यालं की ढाबळीलाबी भितंय.” एखादं पिलू बाहेर राहिलं तर आबा खुर्ची घेऊन बसतात, शिट्टीसुद्धा वाजवत नाहीत. शिक्रा आणि मांजर यांच्यावर तेवढी नजर. विकत आणलेल्या मोठ्या कबुतराचे पंख बांधून त्याला घर ओळखायला लावणारेही असतात. मला ती रीत पटत नाही. त्यापेक्षा जोडी लागू द्यावी, पिलं होऊ द्यावीत. इथं जन्मलेलं पिलू इथलंच होतं.

फ्लॅटमध्ये बजरीगर किंवा कॉकाटील पाळणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आरशावर कापड, पिंजरा नेहमीच्या जागी दार उघडून ठेवलेला, आणि राळ्याचं कणीस फक्त पिंजऱ्याच्या आत. टॉवेल घेऊन खोलीभर मागं धावलं की पाखराला पिंजरा आणि माणूस दोन्हींची धास्ती बसते. आपला देशी पोपट मात्र पाळूच नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्याची जागा रानातल्या ढोलीतच आहे.

कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते. ढाबळ रोज झाडायची, नाकातोंडाला फडकं बांधून, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडं धूळ जाणार नाही अशी. ज्याला हे जमत नाही त्यानं हा नाद करू नये. चौकात पोतंभर दाणे ओतून पुण्य मिळवणं आणि चार जोड्या निगुतीनं सांभाळणं यांत फार अंतर आहे.

पेठेत, किंवा कोल्हापुरात कुठंही, पायात कडी असलेलं एखादं कोवळं कबूतर तुमच्या कठड्यावर दमून बसलेलं दिसलं, तर त्याला पकडून ठेवू नका. पसरट भांड्यात पाणी ठेवा, मूठभर ज्वारी टाका, मांजर आत घ्या. तुमच्या गच्चीवर नायलॉनचा मांजा अडकला असेल तर तो आजच कापून काढा. रात्रभर विसावा मिळाला तर बहुतेक पिलं सकाळी उडतात. तिसऱ्या दिवशीही ते तिथंच असेल तर गल्लीत ढाबळ कुणाची आहे ते विचारा आणि निरोप द्या.