गोलाईतला पत्ता

लातूरच्या गंजगोलाईत नवख्या माणसाला पत्ता सांगताना कुणी अक्षांश-रेखांश सांगत नाही. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सांगणारा त्यातल्या एकाकडे हात करतो आणि म्हणतो, "ते सराफाचं दुकान दिसतंय ना, त्याच्या पलीकडचं तिसरं." दुकान समोर दिसत असतं, म्हणून पुढचं सगळं एका शब्दात भागतं. व्हिडिओ लहान करण्याच्या शास्त्रात गेली तीस-पस्तीस वर्षं हीच कला घोटली जात आहे. तिथे तिला मोशन व्हेक्टरचं कोडिंग म्हणतात.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं. १९२० बाय १०८० पिक्सेलचं एक चित्र नेहमीच्या पद्धतीने साठवलं तरी सुमारे ३१ लाख बाइट खातं. त्या हिशेबाने शिकवणीचा एक तास २८० जीबीवर जातो. म्हणून एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ लहान करणारा प्रोग्राम, चित्राचे चौकोनी ब्लॉक पाडतो आणि प्रत्येक ब्लॉक आधीच्या चित्रात कुठे होता ते शोधतो. सापडला की तो तुकडा पुन्हा पाठवायचा नाही. किती आडवा सरकला, किती उभा सरकला, एवढंच कळवायचं. अकरावीच्या पुस्तकातला सदिश, म्हणजे व्हेक्टर, तो हाच. जुळणीत जो थोडा फरक राहतो, तो वेगळा जातो.

पण हे सदिशही फुकट जात नाहीत. १६ बाय १६ पिक्सेलचा ब्लॉक धरला तर एका चित्रात ८,१६० ब्लॉक होतात, सेकंदाला २ लाख ४ हजार. आडव्या-उभ्या सरकण्याला दहा-दहा बिट दिले, तर नुसत्या सदिशांनाच सेकंदाला चाळीस लाख बिट लागतील. टॉवरपासून लांबच्या वस्तीवर अख्खा व्हिडिओ दहा लाखांत बसवायची वेळ येते. मालापेक्षा भाडंच जड!

यावरचा पहिला उपाय शेजाऱ्याला विचारण्याचा. १९९० च्या सुमारास आलेल्या एच.२६१ या व्हिडिओ-मानकात प्रत्येक ब्लॉकचा सदिश आधीच्या ब्लॉकशी ताडून फक्त फरक पाठवत. २००३ च्या एच.२६४ मध्ये डावीकडचा, वरचा आणि वर-उजवीकडचा असे तीन शेजारी आले. तिघांची सरासरी न काढता मधला आकडा घ्यायचा. समजा आडवं सरकणं ८, ८ आणि उणे २ आहे. सरासरी पाचाच्याही खाली येते आणि कुणाच्याच कामाची राहत नाही. मधला आकडा ८ येतो आणि तिसऱ्याच वस्तूचा तो शेजारी आपोआप बाजूला पडतो. अंदाज तंतोतंत निघाला तर आडव्याला एक आणि उभ्याला एक, असे दोनच बिट लागतात. वीसच्या जागी दोन. त्यापुढची पायरी म्हणजे 'स्किप': ब्लॉकसाठी काहीच पाठवायचं नाही, बघणाऱ्याच्या फोनने शेजाऱ्यांवरून समजून घ्यायचं. आधीच्या एमपेग-२ मानकात, नुसत्या मागच्या चित्रावरून बांधलेल्या चित्रांत, स्किप म्हणजे 'हललाच नाही' एवढाच अर्थ होता. एच.२६४ ने तो 'शेजाऱ्यांसारखाच हलला' असा केला, आणि फिरत्या कॅमेऱ्याचं चित्रणही एकदम स्वस्त झालं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. फलाटावर उभं राहून अशा गाडीचं केलेलं चित्रण डोळ्यांपुढे आणा. वाघिणींचे सगळे ब्लॉक एकाच सदिशाने सरकतात, फलाटाचे जागचे हलत नाहीत. दोन्हीकडे अंदाज बरोबर येतो. तो चुकतो तो गाडीच्या कडेवर. तिथे एक शेजारी वाघिणीचा, दुसरा फलाटाचा, आणि मधला आकडा चुकीच्या बाजूला झुकू शकतो. २०१३ च्या एचईव्हीसीने यावर 'मर्ज' आणलं. जास्तीत जास्त पाच उमेदवारांची यादी फोन आणि एन्कोडर दोघेही एकाच नियमाने तयार करतात; त्यात आधीच्या चित्रातल्या त्याच जागेचा सदिशही येऊ शकतो. एन्कोडर फक्त कळवतो, 'दुसरा घ्या.'

माझ्या मते या विद्येचं खरं मर्म एन्कोडरच्या निवडीत आहे. सगळ्यात अचूक जुळणारा सदिश निवडायचा, असं कुणालाही वाटेल. अनुभवी एन्कोडर तसं करत नाही. जुळणीतली चूक किती आणि सदिश पाठवायला बिट किती, या दोन्हींची तो एकत्र किंमत लावतो. एक सदिश थोडा कमी जुळणारा, पण शेजाऱ्यांशी मिळताजुळता असेल, तर तोच घेतो. शिवाय आज घेतलेला वेडावाकडा सदिश पुढच्या तीन ब्लॉकचा अंदाजही बिघडवतो. आणि मानकात फक्त फोनने काय करायचं ते बांधलेलं असतं. एन्कोडरने शोध कसा घ्यायचा याची मोकळीक असते. नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्याने एक्स२६४ सारखा खुला एन्कोडर घेऊन सदिशांची निवड सुधारली, तर गावागावांतले जुने फोन न बदलता त्याचा फायदा मिळेल. मला हे फार मोलाचं वाटतं. कारण बिट जितके कमी, तितका त्यातला सदिशांचा वाटा मोठा. म्हणजे या सुधारणेची सर्वांत जास्त गरज सर्वांत वाईट नेटवर्क असलेल्या मुलीला आहे, जी लातूर पॅटर्नचा तास शेतातल्या घरी बसून बघते.

आता पुन्हा गोलाईवर या, पण ड्रोनमधून. ड्रोन जागच्या जागी गिरकी घेतो आणि सोळाही रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे फिरू लागतात. मध्याजवळचे ब्लॉक जरासे हलतात, कडेचे झपाट्याने, प्रत्येकाची दिशा निराळी. शेजाऱ्याला विचारून इथे भागत नाही. २०२० मध्ये आलेल्या व्हीव्हीसीने त्यासाठी 'अफाइन' पद्धत घेतली: ब्लॉकच्या दोन कोपऱ्यांचे सदिश पाठवायचे, आणि त्यावरून आतल्या प्रत्येक ४ बाय ४ तुकड्याचा सदिश फोनने गणिताने काढायचा. १२८ बाय १२८ च्या ब्लॉकमध्ये असे १,०२४ तुकडे बसतात. फिरणं आणि लहान-मोठं होणं दोन कोपऱ्यांत मावतं. चित्र तिरकं ताणलं जात असेल तर तिसरा कोपरा लागतो.

व्हीव्हीसीने काही सदिश बारीक करण्याचं कामही फोनवरच सोपवलं आहे. बिट वाचतात, पण फोनला जास्त राबावं लागतं, आणि दिवसाचे काही तास वीज नसलेल्या वस्तीवर तो सौदा प्रत्येक वेळी परवडेलच असं नाही.

नांदेडच्या होला मोहल्ला या शीख उत्सवातली हल्लाबोल मिरवणूक मात्र या सगळ्या युक्त्यांची परीक्षा बघते. घोडे, निशाणं, धावणारे हजारो पाय आणि गर्दीत धक्के खाणारा कॅमेरा. शेजारचे दोन ब्लॉक एका दिशेला जातील याची खात्री नसते. अशा वेळी एन्कोडर ब्लॉक लहान लहान करत जातो, सदिशांची संख्या फुगते, आणि एका टप्प्यावर हिशेब उलटतो: पत्ता सांगण्यापेक्षा तुकडाच नव्याने पाठवणं स्वस्त पडतं. मग तो त्या ब्लॉकपुरता आधीच्या चित्राचा नाद सोडतो, आणि बिट अपुरे पडले तर पडद्यावर क्षणभर चौकोन दिसतात.