थांबा, पण वळणावर नको!

समृद्धी महामार्गावरचा १२०चा स्पीड अजून अंगात होता. कारंजाला खाली उतरलो आणि गावाकडच्या रस्त्याला लागलो. ट्रॅफिक? शून्य! कारंजा-सोहोळ अभयारण्याचा परिसर काळविटांसाठी प्रसिद्ध. एका वळणावर ऐटदार शिंगांचा नर दिसलाच! करकचून ब्रेक, गाडी तिथेच, कॅमेरा बाहेर.

तेवढ्यात मागून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला आणि डिकीपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. माझे पाय लटपटत होते. काका मात्र शांत. ‘भाऊ, थांबाचं असन तं सिध्या रोडवर थांबा ना. वळनावर कोनाले दिसते?’

खरंच की! साधा ६०चा स्पीड असला तरी गाडी सेकंदाला १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत खेळ खल्लास.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. वळण, चढ, पूल सोडून सरळ पट्टा गाठायचा. आधी इंडिकेटर, मग गाडी पूर्ण डांबराखाली. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत उतरायचं नाही, चाक रुततं. बैलगाडीमागे हॉर्न नाही, बैल बुजतात. रात्री समोरून कुणी आलं की डिपर.

काळविटाचा फोटो? राहूनच गेला. पण घरी धड पोचलो!