आईच्या नावाचा रकाना

माझी सून संगणकावरचे तक्ते सांभाळते. कागदाची वही असती तर नवा रकाना आखायला फूटपट्टी पुरली असती. पण लाखो ओळींच्या तक्त्यात, तेही चालू कामात, रकाना घालायचा म्हणजे नांदत्या घराची भिंत सरकवणे! 'आल्टर टेबल' अशी आज्ञा आहे खरी, पण कधीकधी ती सारा तक्ता अडवून धरते आणि बाकीचे ताटकळतात.

यावर गिटहबच्या मंडळींनी २०१६ साली एक साधन खुले केले. नाव 'घोस्ट', म्हणजे चक्क भूत! ते मूळ तक्त्याशेजारी नव्या रकान्यांचा छायातक्ता मांडते, जुन्या ओळी थोड्याथोड्या त्यात उतरवते, मधल्या काळातले फेरफार मायएसक्यूएलच्या रोजनिशीतून वाचून घेते, आणि शेवटी क्षणभर दार लोटून दोघांच्या नावांची अदलाबदल करते. इतके सालस भूत माझ्या ऐकिवात नव्हते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे ठरले. सुनेला तोच रकाना घालायचा होता.

"जुन्या ओळींत काय भरणार?" मी विचारले.

"काही नाही, बाबा. माहीत नाही ते रिकामे ठेवायचे."

माझ्या शाळेच्या दाखल्यावर आईसाठी जागाच आखलेली नव्हती. आणि असती तरी तिथे काय लिहिले असते? माहेरी ती कृष्णा; लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरेच नाव रेखले गेले, आणि आम्ही तर तिला वहिनीच म्हणत असू. सुनेला मी दोन्ही नावे सांगितली. तिने ती प्रथमच ऐकली.

"यातले कोणते लिहिले असतेत, बाबा?" तिने विचारले. "रकाना एकच आहे."