मॅलर्डच्या भेटीस

विलायतेचा प्रवास आपल्या कुंडलींत असेल असें आम्हांस कधींच वाटलें नव्हतें. १९७४ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिक उतरलों, पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि कृष्णाकाठच्या एका शाळेंत मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकवून घेण्यांत सारें आयुष्य गेलें. सेवानिवृत्तीनंतर काशीरामेश्वर झालें, तेव्हां प्रवासाचें प्रकरण संपलें असेंच आम्ही समजत होतों. परंतु चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं बिऱ्हाड करून आहेत. त्यांच्या व सूनबाईंच्या आग्रहास्तव २०१९ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तेथें पांच महिने राहून आलों. त्या मुक्कामांत पाहिलेल्या स्थळांपैकीं एकाचीच हकीकत आज सांगावयाची आहे. कारण तेथें आम्हांस एका यंत्राबरोबर आपल्या घरांतलेंहि कांहीं दिसलें.

त्या भेटीचें मूळ चिरंजीवांच्या जिन्याखालीं होतें. इंग्लंडांत एक मौजेची प्रथा आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या जशा ‘करमणूक’ पत्रांतून प्रकरणाप्रकरणानें वाचकांच्या घरीं येत, तसें तिकडे यंत्र येतें! दर आठवड्यास एक सचित्र अंक निघतो. त्यांत चार पानें इतिहासाचीं, दोन पानें जुळणीचीं, आणि सोबत पितळेचे चारदोन तुकडे. असे शंभराहून अधिक अंक झाले म्हणजे आगगाडीचें एक लहानसें इंजिन उभें राहतें. पहिला अंक नाममात्र किंमतीस मिळतो, पुढचे चांगलेच महाग पडतात. आपल्या सोळा सोमवारांप्रमाणें हें शंभर आठवड्यांचें व्रतच म्हणावयाचें, आणि उद्यापनापर्यंत पोंचणारे थोडे.

चिरंजीवांनीं ‘मॅलर्ड’ नामक इंजिनाचें व्रत मोठ्या हौसेनें धरिलें होतें. वीस अंकांपर्यंतची जुळणी झाली होती. पुढील सारे अंक न फोडतां जिन्याखालीं रचून ठेवलेले. दहा वर्षांचा आमचा नातू येतांजातां त्या ढिगाकडे पाही. आम्हांस तें रुचलें नाहीं. शिक्षकाची संवय हाडांत मुरलेली. एके दिवशीं जेवतांना ‘आरंभशूर’ या शब्दाचा विग्रह व अर्थ आम्हीं नातवास त्याच्या वडिलांसमक्षच समजावून दिला. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. पान आटोपून ते आपल्या संगणकापुढें जाऊन बसले.

मग उरलेलें काम आजोबा व नातू यांनीं पुरें करावयाचें असा बेत ठरला. लहानपणीं पुणें-मिरज मार्गावरील मीटरगेजची गाडी पाहण्यासाठीं आम्ही स्टेशनावर तासन् तास बसत असूं. तेव्हां हौसेस तोटा नव्हता. मूळ इंजिनाच्या एका फुटास येथें सात मिलिमीटर असें प्रमाण. म्हणजे टेंडरासह सुमारें सत्तर फुटांचें इंजिन दीड फुटाहून थोडें अधिक लांब होतें. पातळ पितळी पत्र्यावर सुटे भाग कोरलेले असतात. ते कापावयाचे, कानशीनें कडा साफ करावयाच्या, पट्टीच्या आधारानें वांकवावयाचे, आणि डाख देऊन जोडावयाचे. डाख देतांना पितळ पुरतें तापलें नाहीं तर कथिलाचा नुसता गोळा वर बसतो, सांधा धरीत नाहीं. अधिक तापलें तर आधीं जोडलेला भाग निखळून पडतो. आमच्या बोटांस दोन ठिकाणीं फोड आले व नातवाच्या मराठींत ‘चटका’ या शब्दाची भर पडली.

चाकांशीं मात्र आमचें शहाणपण संपलें. या इंजिनास ओढ देणारीं चाकें सहा, तीन आंसांवर बसविलेलीं. प्रत्येक बाजूचीं तीन चाकें एका दांड्यानें परस्परांस बांधलेलीं असतात. डाव्या व उजव्या चाकांवरील खुंट्यांमध्यें जो कोन असेल, तो तिन्ही आंसांवर अगदीं सारखा साधावा लागतो. तो केसभर चुकला कीं दांडा अडतो. आमचा दांडा अडला. अर्धा फेरा नीट होई, आणि मग चाकें जागच्या जागीं खिळत. ‘यम्’ म्हणजे आवरणें, आणि जेणेंकरून आवरलें जातें तें यंत्र, ही व्युत्पत्ति आम्हांस पाठ. तेव्हां जितकें घट्ट तितकें उत्तम अशा समजुतीनें आम्ही प्रत्येक सांधा अधिकाधिक आवळीत होतों. आठवडा गेला तरी चाक फिरेना. चाकांची चौकट पहिल्या वीस अंकांतली, म्हणजे चिरंजीवांच्या हातची. तेव्हां दोष कोणाचा हेंहि आम्हीं मनांत ठरवून टाकलें.

चिरंजीव तें पाहून म्हणाले, “बाबा, खरें मॅलर्ड यॉर्कला आहे. शनिवारीं जाऊं या. पाहिल्यावर उमगेल.”

लीड्सहून यॉर्क आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंत-बाहेर येतें. यॉर्क फार प्राचीन शहर. रोमन लोकांनीं तें वसविलें तेव्हां त्याचें नांव एबोरॅकम होतें. मध्ययुगांतील तटबंदीवरून आजहि फिरतां येतें, आणि तेथील भव्य देवालयाचे मनोरे दुरूनच दिसूं लागतात. १८७७ सालचें तेथील स्टेशनहि पाहण्याजोगें आहे. रूळ वळणावर असल्यामुळें लोखंडी कमानींचें उंच छतहि रुळांबरोबर वळत जातें. नातवानें आम्हांस तेथें फार वेळ उभें राहूं दिलें नाहीं. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय स्टेशनाच्या पाठीमागेंच, पायीं थोड्याच अंतरावर आहे. तें १९७५ सालीं उघडलें, आणि प्रवेशास मूल्य पडत नाहीं ही गोष्ट आमच्यासारख्या पेन्शनरास विशेष आवडली.

मुख्य दालन म्हणजे एके काळची इंजिनांची शाळाच. मध्यभागीं इंजिन फिरविण्याचें मोठें चक्र, आणि त्याच्याभोंवतीं, देवळांतील परिवारदेवतांप्रमाणें, निरनिराळ्या काळचीं इंजिनें उभीं. जपानची पहिल्या पिढीची अतिवेगवान गाडीहि तेथें आहे. पण आमची दृष्टि गेली ती गर्द निळ्या रंगाच्या, पाचरीसारख्या उतरत्या तोंडाच्या मॅलर्डकडे. मॅलर्ड म्हणजे एक जातीचें रानबदक. त्याचे निर्माते सर नायजेल ग्रेझ्ली यांस पक्ष्यांचा शौक होता, आणि या जातीच्या पुष्कळ इंजिनांस पक्ष्यांचींच नांवें मिळालीं. ओढ देणारें प्रत्येक चाक ६ फूट ८ इंच व्यासाचें; आम्ही शेजारीं उभे राहिलों तेव्हां आमची टोपीहि चाकाच्या माथ्यापर्यंत पोंचेना. टेंडरासह वजन सुमारें १६५ टन. इतके दिवस तळहातावर घेऊन ज्यास आम्ही कानशीनें घांसत होतों, तें हें!

नातवानें विचारलें, “आजोबा, यांत आपल्या इंडियाचें नांव असलेलें एखादें आहे का?” चिरंजीव म्हणाले कीं होतें, याच जातीच्या, १९३७ सालच्या एका इंजिनाचें नांव ‘एम्पायर ऑफ इंडिया’ असें होतें. देश १९४७ सालीं स्वतंत्र झाला तरी साम्राज्याची ती पाटी त्या इंजिनावर मिरवतच होती. १९६४ सालीं तें मोडींत निघालें. अशीं ३५ इंजिनें बांधलीं गेलीं, त्यांपैकीं आतां सहाच उरलीं आहेत. इतकें सांगतात तोंच चिरंजीवांचा फोन वाजला. कचेरींतलें कांहीं निकडीचें काम होतें. शनिवार असूनहि ते फोन कानाशीं धरून बाहेर गेले. आमच्या कपाळावर आंठी पडली हें कबूल केलें पाहिजे.

तेवढ्यांत एक वृद्ध मार्गदर्शक आमच्याजवळ आले. त्यांचे उच्चार आमच्या पुस्तकी इंग्रजीस झेपेनात. तेव्हां नातू दुभाषी झाला. त्यांनीं सांगितलेली हकीकत अशी. १९३६ सालीं जर्मनीच्या एका इंजिनानें ताशीं २०० किलोमीटरांचा टप्पा ओलांडला होता. रविवार, ३ जुलै १९३८ रोजीं, ब्रेकची परीक्षा म्हणून निघालेल्या गाडीस, मापनयंत्रांच्या डब्यासह सात डबे जोडून, मॅलर्ड लावण्यांत आलें. ड्रायव्हर जोसेफ डडिंग्टन, फायरमन टॉमस ब्रे. ग्रँथमच्या दक्षिणेस स्टोक येथील चढ ओलांडून उतार लागतांच गाडी सुटली, आणि ताशीं १२६ मैल, म्हणजे सुमारें २०३ किलोमीटर, वेग नोंदला गेला. आम्हीं मनांत हिशेब केला: तें सहा फुटी चाक सेकंदास जवळजवळ नऊ फेरे घेत असलें पाहिजे! वाफेच्या इंजिनाचा तो उच्चांक आजतागायत मोडलेला नाहीं.

“पण इंजिन लंडनला पोंचलें नाहीं,” मार्गदर्शक म्हणाले. बेअरिंग तापून त्यांतील मऊ धातु वितळला. मॅलर्ड कसेंबसें पीटरबरोपर्यंत आलें, आणि तेथून दुसरें जुनें इंजिन लावून गाडी पुढें न्यावी लागली. आम्हीं विचारलें, “कोणत्या बाजूचें बेअरिंग?” ते म्हणाले, “कोणत्याच नाहीं. मधलें.”

हें आम्हांस नवीन होतें. बाहेरून दोनच सिलिंडर दिसतात, एक डावा, एक उजवा. तिसरा त्या दोहोंच्या मध्यें, चौकटीच्या आंत असतो. त्याचा दांडा मधल्या आंसास फिरवितो. तीन सिलिंडर असले म्हणजे ओढ एकसारखी पडते, धक्के बसत नाहींत. प्रत्येक सिलिंडरास वाफ केव्हां द्यावी व केव्हां थांबवावी हें झडप ठरविते. डाव्या व उजव्या झडपांस हलविणारी स्वतंत्र रचना आहे. मधल्याच्या झडपेस ती नाहीं. दोन्ही बाजूंच्या झडपांची गति तरफांनीं एकत्र करून तिच्यावरच मधल्याची झडप चालविलेली. युक्ति मोठी सुटसुटीत. परंतु डाव्या सांध्यांची झीज आणि उजव्या सांध्यांची झीज, या दोहोंचा हिशेब शेवटीं मधल्याच्या माथीं येई. वेग फार वाढला म्हणजे त्याची झडप वाजवीहून अधिक सरके, त्याच्या वांट्यास अधिक वाफ, आणि अधिक काम येई. तो दिसत नसल्यामुळें तापलेला कळावयाचाहि नाहीं. म्हणून त्याच्यापाशीं एक कुपी बसविली होती. फार तापला कीं कुपी फुटे आणि बडीशेपेसारखा उग्र वास सुटे. पुढें १९५० च्या दशकांत केनेथ कुक या अभियंत्यानें सारे भाग प्रकाशकिरणांच्या साह्यानें अचूक जुळविण्याची रीति डॉन्कॅस्टरच्या कारखान्यांत आणिली, त्या बेअरिंगची घडणहि सुधारली, आणि मग मधल्याचें दुखणें बरेंचसें थांबलें.

आम्हीं वांकून चाकांच्या आंत पाहिलें. अंधारांत कांहीं दिसेना. मागें वळून पाहिलें तों कांचेच्या दारापलीकडे चिरंजीव अजून फोनवर बोलत होते. एका हातानें ते कचेरीस उत्तर देत होते आणि दुसऱ्या हातांत आमची औषधांची पिशवी व नातवाचा डबा होता. पांच महिने त्या घरांत आम्हांस पथ्याचें जेवण वेळेवर मिळत होतें, नातवाची शाळा सुरळीत चालली होती, दोघांच्याहि हौशी पुरत होत्या. हें सारें कोणाच्या जोरावर, हा प्रश्न आम्हीं कधीं विचारला नव्हता. डाव्या बाजूनें आम्ही, उजव्या बाजूनें नातू. आणि ज्याच्यावर दोहोंचा भार त्यालाच आम्हीं जेवतांना आरंभशूर म्हटलें होतें. आमच्या घरीं वास सुटण्याची कुपीहि नव्हती.

त्या रात्रीं नातू निजल्यावर आम्हीं ती अडलेली चौकट चिरंजीवांपुढें ठेविली. त्यांनीं दांडे काढले, प्रकाशाकडे धरून पाहिले, आणि एका बारीक गोल कानशीनें दांड्यांचीं भोकें केसभर मोठीं केलीं. “बाबा, फार घट्ट बसलेत. थोडा प्ले हवा, नाहींतर चालणार नाहीं.” प्ले म्हणजे खेळ. आवरणें हा यंत्राचा अर्धाच अर्थ झाला. सांध्याला थोडा खेळ नसेल तर तें आवरलेलेंच राहतें.

आमच्या प्रतिकृतींत मधला सिलिंडर नाहीं. चौकटीच्या आंत, बाहेरून न दिसणारी, एक लहानशी विजेची मोटार आहे. दांडे चाकांस फिरवीत नाहींत, चाकेंच दांड्यांस घेऊन फिरतात. चिरंजीवांनीं तारा जोडल्या, आणि टेबलावरच्या हातभर रुळावर ती उघडी चौकट सरकूं लागली. आम्ही म्हणालों, “त्या दिवशीं जेवतांना बोललों तें चुकलें आमचें.” ते नुसते हंसले आणि म्हणाले, “टेंडरचे अंक अजून फोडायचे आहेत, बाबा.” चाळीस वर्षांच्या नोकरींत कोणाचा एकदां दिलेला गुण आम्हीं बदलला नव्हता, तो त्या रात्रीं बदलला.

आम्ही स्वदेशीं निघालों तेव्हां टेंडर अपुरेंच होतें. पुढें बापलेकांनीं रविवारीं रविवारीं बसून तें पुरें केलें व निळा रंगहि दिला. विलायतेस जाणाऱ्या वाचकांनीं यॉर्क अवश्य पाहावें. मॅलर्डची पाटी वाचून, छायाचित्र काढून लगेच पुढें जाऊं नये. क्षणभर वांकून चाकांच्या आंतहि पाहावें. दिसणार कांहीं नाहीं; पण तेथें कोणी आहे, एवढें लक्षांत राहील.